न्यायाधीशांचा सत्कार: करावा का, कोणाचा आणि कधी?

रोजनामा

नमस्कार मंडळी. मी मुंबईच्या कोर्टांत तेहतीस वर्षं स्टेनो होते. आता निवृत्त आहे, गिरगावात राहते. आमच्या वाचनालयाच्या समितीपुढे एक प्रस्ताव आलाय. दरवर्षीच्या व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी तीन न्यायाधीशांचा सन्मान करायचा. एक उत्तम कामासाठी, एक स्वतंत्र बाण्यासाठी, आणि एक अशा न्यायाधीशाचा की ज्यांच्या घरातलं, समाजातलं किंवा गावातलं त्या खुर्चीवर आधी कुणी बसलं नव्हतं. कोर्टातली माणूस म्हणून समितीने माझं मत मागितलंय. मत द्यायच्या आधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं, कारण इथे वकील आहेत, पक्षकार आहेत आणि नुसते वाचकही आहेत.

मला एक प्रसंग सारखा आठवतो. साल सांगत नाही, कोर्टही सांगत नाही. फौजदारी कोर्ट होतं एवढंच. एक कोळीणबाई साक्षीला उभ्या होत्या. एका दुकानाच्या पायरीशेजारी बसून त्या मासळी विकायच्या. दुकानदाराशी भांडण झालं आणि प्रकरण कोर्टात आलं. त्या म्हणाल्या, "त्यानं माझी पाटी लाथाडली." तेव्हा आमच्याकडे साक्ष इंग्रजीत टाइप व्हायची. आरोपीचे वकील उठून म्हणाले, पाटी म्हणजे साइनबोर्ड, बाईंनी दुकानापुढे बेकायदा पाटी लावली होती, तेच त्या सांगतायत. बाईंना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी सवयीने मान हलवली. माझी बोटं की-बोर्डवर होती.

साहेब अलिबागकडचे. नुकतीच मुंबईत बदली होऊन आले होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वकिलांकडे न बघता बाईंना विचारलं, "पाटीत काय होतं?" बाई म्हणाल्या, "सुरमई होती, बोंबील होते, अर्धी पाटी कोळंबी." साहेबांनी सांगितलं, पाटी हा शब्द तसाच ठेवा, पुढे लिहा मासळीची टोपली, आणि मालाचं वर्णन बाई सांगतील तसं घ्या.

दोन मिनिटांत झालं सगळं. कायद्याच्या कुठल्या अहवालात ते सापडणार नाही. पण त्या खुर्चीवर त्या दिवशी किनाऱ्यावरचं मराठी न कळणारा माणूस असता, तर रेकॉर्डवर बाईंचं नुकसान शून्य झालं असतं आणि वर त्यांनीच काहीतरी बेकायदा केलंय असं दिसलं असतं. तेही पुढची कितीही वर्षं आणि कितीही अपिलं चालली तरी, कारण वरची कोर्टं कागद वाचतात, बाईंचा चेहरा बघत नाहीत.

म्हणून असा सन्मान व्हावा असं मला मनापासून वाटतं. तरीही सेवेत असलेल्या न्यायाधीशाला स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ द्यायला माझं मन घेत नाही. का, ते मला नीट शब्दांत मांडता येत नाहीये. तुम्ही सांगा.

---

बार_रूम

ताई, तुमचं मन का घेत नाही ते आपल्याच हायकोर्टाच्या इतिहासात लिहून ठेवलंय.

१९०८ साली टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला न्या. दिनशा दावर यांच्यापुढे चालला. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांचे लेख मराठीत आणि खटला त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर. सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा निर्णय आला आणि दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. यात एक गोष्ट फार बोचते. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर होते, आणि आधी नाकारला गेलेला तो जामीन देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी.

दावरांना नंतर सरकारने 'सर' केलं. बारमधल्या, म्हणजे वकील मंडळींतल्या, काही जणांनी त्यांना मेजवानी द्यायचं ठरवलं आणि सह्यांसाठी कागद फिरवला. तो जिनांच्या हाती आला. जिनांनी त्यावरच लिहिलं की, सरकारला हवं ते करून आणि एका थोर देशभक्ताला निर्दय शिक्षा देऊन ज्याने पदवी मिळवली, त्याला मेजवानी द्यायची बारला लाज वाटायला हवी. दावरांच्या कानावर गेलं. त्यांनी जिनांना चेंबरमध्ये बोलावून विचारलं, मी तुम्हाला कधी वाईट वागवलंय का? जिना म्हणाले, नाही, माझ्याशी तुम्ही नेहमी नीट वागलात, पण टिळकांच्या खटल्याबद्दल मला जे वाटतं ते मला दाबून ठेवता आलं नाही. हा किस्सा पुढे याच हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झालेल्या छागलांनी आपल्या आठवणींत सांगितला आहे.

वकिलांनी न्यायाधीशाचा सन्मान करायचा म्हणजे उद्या ज्यांच्यापुढे उभं राहायचं त्यांनाच आज हार घालायचा. आणि ज्याचं नाव सह्यांत नसेल ते न्यायाधीशांनाही दिसतं. जिनांनी नाही म्हणायची हिंमत केली. माझ्या जुनिअरने ती करावी अशी अपेक्षा मी ठेवू शकत नाही.

७ मे १९९७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून न्यायाधीशांच्या वर्तनाची मूल्यं स्वीकारली. त्यांत स्पष्ट आहे की कुटुंबीय, जवळचे नातलग आणि मित्र सोडून कुणाकडून भेटवस्तू किंवा पाहुणचार घेऊ नये, आणि त्याच कोर्टात वकिली करणाऱ्यांशी घसट टाळावी. अलिप्तपणा हा शब्दच तिथे वापरलाय. तुमच्या वाचनालयाच्या समितीत एखादा बिल्डर असेल, एखादा भाडेकरू असेल. उद्या त्यांची मॅटर त्या साहेबांपुढे आली तर?

---

रोजनामा

साहेब, अगदी हेच. आमच्या समितीत दोघांच्या पागडीच्या, म्हणजे जुन्या भाड्याच्या जागांच्या, केसेस चालू आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

ठाणे_पूर्व

मला मुळात सत्कारच पटत नाही. न्याय देणं हे कामच आहे ना त्यांचं? नर्स रात्रपाळी करते, मोटरमन पहाटे चारला गाडी काढतो.

---

वरळी_नाका

@ठाणे_पूर्व, दादा, माझं मत पूर्ण वेगळं आहे.

मी बीडीडी चाळीत वाढले. गेल्या वर्षी सनद मिळाली, फोर्टमध्ये जुनिअर म्हणून काम करते. माझ्या आजोबांनी बाबासाहेबांना बघितलं होतं. आमच्या घरात कोर्ट म्हटलं की एकच चित्र: १९२३ साली याच हायकोर्टात वकिली सुरू केलेले बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर न्यायासनावर कुणीतरी दुसरंच. न्यायासनावर आपलं माणूस बसलंय असं चित्र घरात कधीच नव्हतं.

मे २०२५ मध्ये भूषण गवई साहेब सरन्यायाधीश झाले. अमरावतीचे, आपल्याच हायकोर्टातून गेलेले. त्या पदावरचे दुसरे दलित आणि पहिले बौद्ध. त्या महिन्यात बार कौन्सिलने मुंबईत त्यांचा सत्कार केला आणि तिथून ते चैत्यभूमीला गेले. त्या दिवशी माझी आई टीव्हीसमोरून उठली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "तू पण परीक्षा देणार ना?" याआधी तिने हे कधीच विचारलं नव्हतं. तिला वाटायचं वकील झाले हेच खूप झालं.

आता सांगा, ते सेवेत असताना झालेला सत्कार चुकीचा होता का? निवृत्तीनंतर झाला असता तर आईने विचारलं असतं का?

संसदेत कायदा मंत्रालयाने आकडे दिलेत. २०१८ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत हायकोर्टांत ७१५ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे २२, जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७. सुप्रीम कोर्टात पहिल्या महिला न्यायाधीश, फातिमा बीवी, १९८९ साली आल्या आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत एकूण महिला न्यायाधीश अकरा. जो दिसत नाही तो होता येत नाही. म्हणून मला तरी सन्मान सगळ्यांसमोर आणि वेळेवर झालेला हवा.

---

रोजनामा

बाळा, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुझ्या आईचा प्रश्न मी विसरणार नाही. पण मला वाटतं तिला हलवलं ते त्या खुर्चीने आणि चैत्यभूमीवर जोडलेल्या हातांनी. हार नसता तरी ते दिसलं असतं. तरी तुझा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. आमच्या काळात सुजाता मनोहर मॅडम होत्या. १९७८ मध्ये बॉम्बे हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, १९९४ मध्ये इथल्याच मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात. आम्ही खालच्या कोर्टातल्या टायपिस्ट, आमचा त्यांच्याशी काय संबंध? पण त्या झाल्या तेव्हा आमच्या विभागातल्या दोघी लॉ कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागल्या. त्यातली एक पुढे न्यायाधीश झाली. तेव्हा कुणी सत्कार केला की नाही मला आठवत नाही. पेपरातला फोटो मात्र आम्ही कापून ठेवला होता.

---

बार_रूम

मनोहर मॅडमवरून आठवलं. १९९७ च्या विशाखा निकालाच्या तीन जणांच्या खंडपीठात त्या होत्या. न्या. वर्मा, न्या. मनोहर, न्या. किरपाल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा देशात कायदाच नव्हता. कायदा येईपर्यंत ही मार्गदर्शक तत्त्वंच पाळायची असं कोर्टाने सांगितलं आणि कायदा यायला २०१३ उजाडलं. मधली सोळा वर्षं लाखो बायकांना त्या निकालाचाच आधार होता. निकाल तिघांचा आहे, एकट्या मॅडमचा नाही, आणि तसं म्हणणं बाकी दोघांवर अन्याय होईल. पण बंद चेंबरमध्ये चर्चा होते तेव्हा तिथे असलेल्या माणसाने नोकरी करणारी बाई म्हणून हे जग पाहिलेलं असणं, याचा परिणाम होत नाही असं मला कुणी सांगू नये.

याच हायकोर्टात मिठन टाटा (पुढे लॅम) यांनी १९२४ साली वकिली सुरू केली. बायकांना वकिली करू देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. पहिली बाई वकील आली १९२४ ला आणि पहिली बाई न्यायाधीश १९७८ ला. मधे चोपन्न वर्षं.

---

पंचगंगा

कोल्हापूरहून नमस्कार. आमच्याकडे हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्याचा आनंद अजून आहे. त्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते आम्हालाच ठाऊक. आधी एका स्टेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला यायला लागायचं.

बाणेदार न्यायाधीश म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या तोंडात एकच नाव येतं, रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून निघून गेले. आमच्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. शाळेत मीही यावर भाषण केलंय. पण वयानुसार मला एक शंका यायला लागलीय. आपण बाणा म्हणजे फक्त असा एक दिवस समजतो, की राजासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं. बाकीची तीस वर्षं तो न्यायाधीश रोज साठ-सत्तर मॅटर्सचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कसा चालवतो? वकील आजारी आहे म्हणून सहाव्यांदा तारीख मागितली तर काय करतो? गावचा आमदार फोन करतो तेव्हा फोन उचलतो का? हे कोण बघणार? रोजनामा ताईंचे अलिबागचे साहेब मला रामशास्त्रींच्याच माळेतले वाटतात. त्यांच्यासमोर पेशवा नव्हता, एवढाच फरक.

---

जेजे_१९८६

मी नर्स. निवृत्त. वर नर्सचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

१९८६ साली जेजेमध्ये ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण गेले. औषधात विषारी द्रव्य मिसळलेलं होतं. त्या दिवसांबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. न्या. बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी औषध खरेदीपासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळी साखळी उकलली. आमच्यासारख्यांनी जे दबक्या आवाजात एकमेकींना सांगितलं होतं, ते त्यांनी सरकारी कागदावर लिहिलं. आणि हेच लेंटिन ज्यांनी १२ जानेवारी १९८२ ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणाचा निकाल दिला. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात प्रतिष्ठानला देणग्या. मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे एकदा सत्तेला दुखावून झालं होतं, त्याचे परिणाम माहीत होते, तरी काही वर्षांनी दुसऱ्यांदा तेच केलं.

ते सुप्रीम कोर्टात गेले नाहीत. का गेले नाहीत ते मला माहीत नाही आणि मी अंदाज करणार नाही. पण ठाणे_पूर्व दादा, काम म्हणून काम करणं आणि परिणाम माहीत असताना काम करणं यांत फरक आहे. मला संधी मिळाली असती तर मी त्यांच्या हातात एक फूल दिलं असतं. ती राहून गेलेली गोष्ट आहे.

---

ठाणे_पूर्व

ताई, तुमचं पटलं. मी घाईत लिहिलं होतं.

---

ओव्हलचा_फेरफटका

हायकोर्टाची इमारत दाखवायला मी लोकांना नेतो, म्हणून दोन गोष्टी.

मध्यवर्ती कोर्टाबाहेर टिळकांच्या शब्दांची संगमरवरी पाटी आहे. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, असं त्यांनी त्याच दालनात सांगितलं, ते शब्द. ती १९५६ मध्ये लावली आणि अनावरण केलं तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी. एका कोर्टाने आपल्याच कोर्टात झालेली शिक्षा चूक होती असं दगडात कोरून भिंतीवर लावलं. माझ्या मते हाही न्यायासनाचा सन्मानच आहे, आणि हाराहून मोठा. आत छागलांचा पुतळा आहे. त्याखाली थोर न्यायाधीश, थोर नागरिक आणि सर्वांत आधी थोर माणूस अशा अर्थाचे शब्द आहेत.

दुसरी गोष्ट कोरीव कामातली. एका खांबावर एका डोळ्यावर पट्टी असलेलं, हातात तराजू धरलेलं माकड कोरलंय. इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. बांधकामाच्या पैशांवरून कोर्टात हरलेल्या कंत्राटदाराने रागाने ते कोरवून घेतलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, माकड आहे. आणि इतक्या वर्षांत कुठल्याही मुख्य न्यायमूर्तींनी ते छिन्नीने काढून टाकलं नाही. लोकांना मी नेहमी तिथे जरा जास्त वेळ उभं करतो.

---

बार_रूम

जेजे ताईंनी परिणामांचा मुद्दा काढला तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

आणीबाणीत हेबिअस कॉर्पसच्या, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का या, प्रकरणात देशातल्या नऊ हायकोर्टांनी सरकारविरुद्ध निर्णय दिले होते, त्यांत आपलंही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवले. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. आज सुप्रीम कोर्टाच्या दोन नंबरच्या दालनात त्यांचं तैलचित्र आहे, त्यांच्या हयातीतच लावलेलं. बहुमतातल्या चौघांत आपले न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता असं २०१७ साली खासगीपणाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते.

खन्नांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच काळात आपल्या हायकोर्टात काय झालं ते मुंबईतल्या वकिलांनाही धड माहीत नसतं. स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी हायकोर्टात आले. न्या. आर. पी. भट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. दि. प्र. मादन आणि न्या. कनिया यांनी सेन्सॉरचे आदेश पुन्हा फेटाळले. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकाच वाऱ्यावर शिडं फिरवावीत, एका रांगेत चालावं आणि एका सुरात बोलावं, हे घडवून आणणं सेन्सॉरचं काम नव्हे, अशा अर्थाचं मादनांनी लिहिलं. बाहेर माणसं तुरुंगात होती आणि हायकोर्टाच्या न्यायाधीशांच्या पटापट बदल्या होत होत्या, तेव्हा हे लिहिलंय.

स्वतंत्र बाणा असा गमावण्यासारखं काही असेल तेव्हाच कळतो. सेवेतल्या माणसाला बक्षीस देऊन तो मोजता येत नाही, कारण त्याची परीक्षा कदाचित पुढच्या सोमवारी असते.

---

वरळी_नाका

सर, हे मान्य. पण मग एक विचारते. स्वतंत्र बाणा म्हणजे सरकारविरुद्ध निकाल, असंच सगळे धरून चाललेत. सरकार बरोबर असेल आणि बाहेर जमाव ओरडत असेल तर? किंवा बारमधले मोठे वकील एका बाजूला आणि माझ्यासारखी जुनिअर दुसऱ्या बाजूला असेल तर? मला रोज जे दिसतं ते हे आहे. सीनियर उठले की डायसवरचा आवाज बदलतो. सगळ्यांचा नाही, पण काहींचा बदलतो. ज्यांचा बदलत नाही ते माझ्यासाठी स्वतंत्र.

---

भाडेकरू_तिसरा_मजला

मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. आज लिहितो.

मी केस हरलोय. चाळीतली खोली, माझ्या वडिलांच्या नावावरची पागडी. मालकाने दावा लावला. एकोणीस वर्षं चालला. सात न्यायाधीश बदलले. त्यातल्या बहुतेकांना मी फक्त तारीख देताना पाहिलं. काहींनी माझ्याकडे मान वर करून बघितलंही नसेल. एका कोर्टात आमची फाईलच चार महिने सापडत नव्हती. कुणाला दोष देत नाही, नुसतं काय झालं ते सांगतो.

शेवटच्या बाई होत्या. तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच तारखेला त्यांनी मला विचारलं, "काका, तुमचं म्हणणं एका वाक्यात सांगा." एकोणीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सहा महिन्यांत पुरावा पूर्ण केला. निकाल माझ्या विरोधात लागला. पण निकालपत्रात माझं ते वाक्य होतं, आणि ते कायद्यात का बसत नाही ते पुढच्या दोन पानांत होतं. मी ती दोन पानं चार वेळा वाचली. मला पटलं नाही, पण कळलं. खोली सोडायला त्यांनी वर्षभराची मुदत दिली. अपील कर असं सगळे म्हणाले. मी केलं नाही.

तुम्ही सन्मान करणार असाल तर जिंकलेल्यांना विचारून करू नका. आमच्यासारख्यांना विचारा.

---

पंचगंगा

काका, हे वाचून हात जोडले.

---

रोजनामा

काका, तुमचा प्रतिसाद छापून काल समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. नाव-गाव काही नव्हतंच, तरी तुम्हाला न विचारता वाचला, माफ करा. खोलीत कुणी बोललं नाही थोडा वेळ.

काय ठरलं ते सांगते. सेवेतल्या कुणाचाही सत्कार नाही. निवृत्त होऊन किमान दोन वर्षं झालेली असावीत आणि निवृत्तीनंतर सरकारने दिलेल्या कुठल्याही पदावर त्या व्यक्ती नसाव्यात. यावर थोडी वादावादी झाली. काही न्यायाधिकरणांवर निवृत्त न्यायाधीश लागतातच, सगळ्यांना एका मापाने मोजू नये, असं एका सभासदाचं म्हणणं. त्यांचं चुकीचं नव्हतं, पण मत पडलं आमच्या बाजूने. हायकोर्टाच्या माजी न्यायाधीशांना बोलवायचं नाही असं नाही, पण तीनपैकी दोघं तरी तालुका, जिल्हा किंवा मुंबईच्या खालच्या कोर्टांतले हवेत. त्यांच्या दारात कुणी जात नाही. नावं सुचवताना वकिलांच्या शिफारशी घ्यायच्या नाहीत. कोर्टातले शिपाई, नाझर, बेलीफ, स्टेनो आणि पक्षकार यांच्याकडून घ्यायच्या, आणि एक तरी शिफारस हरलेल्या पक्षकाराची असलीच पाहिजे. ही अट भाडेकरू काकांची.

वरळीच्या मुलीचा मुद्दा मी मांडला. सगळं निवृत्तीनंतर केलं तर तिच्या आईला दिसणार काय? त्यातून हे निघालं: शालीचे आणि जेवणाचे पैसे वाचवून वाचनालयात एक खोली रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायची, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी. घरात पहिल्यांदाच कुणी कायदा शिकतंय अशांना आधी जागा. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे ही मुलं दिवसा कोर्टात उभी असणार आणि अभ्यास रात्रीच होणार. दहा बाय बाराच्या घरात तो कुठे होणार? ज्या निवृत्त साहेबांचा, मॅडमचा सन्मान होईल त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ तिथे येऊन बसावं, एवढी विनंती करायची.

---

वरळी_नाका

ताई, पहिलं नाव माझं लिहा. खरंच लिहा. गिरगावला येईन मी वरळीहून. शेवटची बस चुकली तरी चालत जाईन.

---

बार_रूम

माझ्याकडे निकालपत्रांचे जुने खंड आहेत, चार कपाटं. घरात आता कुणी उघडत नाही, सगळं ऑनलाइन आहे. पण निकाल कसा लिहायचा ते शिकायला छापील पान बरं. टेम्पो मी करतो.

---

जेजे_१९८६

रोजनामा ताई, ते अलिबागचे साहेब आहेत का अजून? त्यांचं नाव सुचवता येईल का?

---

रोजनामा

हयात आहेत. जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, आता गावीच असतात. जुन्या नाझरकडून नंबर मिळवला आणि आज सकाळी फोन केला. पहिली पाच मिनिटं मी कोण तेच त्यांना आठवेना. पाटीचा प्रसंग सांगितला तेव्हा आठवलं. सत्काराला नाही म्हणाले, अगदी ठाम. खोलीवर यायला मात्र तयार आहेत. म्हणाले, मांडव्याहून बोटीने येईन, पावसाळा सोडून.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्या बाईंना मासळीचे पैसे मिळाले का हो शेवटी? माझी त्या आधीच बदली झाली होती." मला सांगता आलं नाही. माझीही तेव्हा दुसऱ्या कोर्टात बदली झाली होती. रेकॉर्ड रूममध्ये माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. केस नंबर आठवत नाही, पण वर्ष आणि पोलीस स्टेशन आठवतंय. सोमवारी त्याला जाऊन भेटते.